विश्लेषण : सांगली, जमखंडी ही संस्थाने होण्याआधी कृष्णाकाठची सरहद्द कोणी राखली? तासगावच्या परशुरामभाऊ पटवर्धनांची कहाणी

ऋषिपंचमीला तासगावात गणपतीचा रथ निघतो. हजारो हात दोरखंडाला लागतात आणि रथ काशीविश्वेश्वराच्या देवळापर्यंत जाऊन परत येतो. राज्यात इतरत्र गणेशोत्सव रंगात येत असतो, तेव्हा तासगावच्या संस्थानी गणपतीचे दीड दिवसात विसर्जन झालेले असते. ज्या देवळासमोरून हा रथ ओढला जातो, त्याचे सात मजली गोपुर महाराष्ट्रात सहसा दिसत नाही. तशी गोपुरे पाहायची तर कर्नाटक आणि तमिळनाडूकडे जावे लागते. मग कृष्णेच्या खोऱ्यातल्या या गावात ते आले कसे? उत्तर एका माणसाच्या आयुष्यात आहे. परशुराम रामचंद्र ऊर्फ परशुरामभाऊ पटवर्धन. सांगली, मिरज, जमखंडी ही संस्थाने होण्याआधी हा सगळा मुलूख मराठी राज्याची दक्षिण सरहद्द होता. भाऊंनी जवळपास चार दशके ती राखली आणि तुंगभद्रेपर्यंत रेटली. मात्र त्यांचा शेवट झाला तो घराशेजारच्या वैरात.

सरहद्दीचा मुलूख म्हणजे नेमका कोणता?

आजच्या नकाशावर तासगाव सांगली जिल्ह्यात, कुरुंदवाड कोल्हापूर जिल्ह्यात आणि जमखंडी कर्नाटकातल्या बागलकोट जिल्ह्यात आहे. अठराव्या शतकात या रेषा नव्हत्या. तेव्हा महत्त्व होते नद्यांना. १७३१ मध्ये सातारा आणि कोल्हापूर या छत्रपतींच्या दोन गाद्यांमध्ये वारणेचा तह झाला आणि वारणा नदी ही दोन राज्यांमधली सीमा ठरली. ही वारणा सांगलीजवळ हरिपूरला कृष्णेला मिळते. म्हणजे मिरज-तासगावच्या माणसाला कोल्हापूरचे राज्य अगदी उंबऱ्यापाशी होते. दक्षिणेला कृष्णेपासून तुंगभद्रेपर्यंतचा सुपीक, पण कोणाच्याच हाती कायम न राहणारा प्रदेश होता. त्यावर सावनूरचे नवाब, निजाम, पेशवे आणि पुढे म्हैसूरचा हैदरअली या सगळ्यांचा डोळा होता.

१७६१ मध्ये पानिपत झाले आणि पुण्याचे बळ खचले. ही संधी साधून हैदर उत्तरेकडे सरकला. १७६३ मध्ये त्याने बेदनूर घेतले आणि त्याचे स्वार धारवाडच्या आसपास दिसू लागले. पुण्याहून दरवेळी फौज पाठवून हा मुलूख सांभाळणे परवडणारे नव्हते. तिथेच घर करून राहणारा, तिथल्याच उत्पन्नावर फौज पोसणारा सरदार हवा होता. थोरल्या माधवराव पेशव्यांनी त्यासाठी पटवर्धन घराणे निवडले.

पटवर्धन कोकणातून इथे आले कसे?

घराण्याचे मूळ पुरुष हरभट पटवर्धन. रत्नागिरीजवळच्या कोतवड्याचे हे गणेशभक्त भिक्षुक इचलकरंजीच्या घोरपड्यांचे उपाध्याय झाले. इचलकरंजीच्या घोरपड्यांच्या घरात पेशवे बाळाजी विश्वनाथांची मुलगी अनुबाई दिलेली होती. त्या नात्यामुळे उपाध्यायांच्या मुलांना पुण्याच्या दरबाराची वाट मोकळी झाली. हरभटांच्या मुलांपैकी गोविंद हरी, रामचंद्र हरी आणि त्र्यंबक हरी या तिघांच्या शाखा लष्करी चाकरीत नावारूपाला आल्या. परशुरामभाऊ हे रामचंद्र हरींचे पुत्र. त्यांचा जन्म साधारण १७४० चा.

घराण्याची बढती सरळ झाली नाही. १७६३ मध्ये राघोबादादांशी बिनसल्यावर मिरज पटवर्धनांच्या हातून गेले आणि गोविंद हरींचे पुत्र गोपाळराव निजामाच्या बाजूला गेले. राक्षसभुवनाच्या लढाईनंतर माधवरावांनी त्यांना परत जोडून घेतले. पुढच्याच वर्षी मोठा सरंजाम ठरला. गोविंद हरी, परशुराम रामचंद्र आणि नीलकंठ त्र्यंबक या तिघांच्या नावे मिळून ८ हजार स्वारांचा. मिरज गोविंद हरींच्या शाखेकडे, कुरुंदवाड त्र्यंबक हरींच्या शाखेकडे आणि तासगाव परशुरामभाऊंकडे आले. तेव्हा भाऊंचे वय पंचविशीच्या आतच होते.

सरंजाम म्हणजे जहागीर की नोकरी?

दोन्हींच्या मधले काहीतरी. सरंजाम म्हणजे रोख पगाराऐवजी नेमून दिलेल्या गावांचा वसूल. त्या वसुलातून ठरलेले स्वार ठेवायचे, घोडी जगवायची आणि बोलावणे आले की मोहिमेवर हजर व्हायचे. कागदोपत्री तो वंशपरंपरेने कायमचा नव्हता. पेशवे तो कमी करू शकत, काढूनही घेऊ शकत. व्यवहारात मुलगा कर्तबगार असला, तर तो बापामागे चाले.

अडचण पैशाची असे. वसूल सुगीनंतर येई, तर शिलेदारांना पैसे दसऱ्याला कूच करतानाच हवे असत. मधली तोंडमिळवणी सावकाराच्या कर्जावर होई. मोहीम लांबली की कर्ज वाढे आणि ते फेडायला नवा मुलूख हवा असे. सरहद्दीवरच्या सरंजामाला आणखी एक पेच होता. शत्रू आला की आधी पटवर्धनांचीच गावे जळत. सरकारची सीमा आणि सरदाराचे घर एकच झाले होते. म्हणून पटवर्धन त्वेषाने लढत. आणि म्हणूनच पुण्याच्या धोरणापेक्षा कधीकधी स्वतःच्या मुलखाचा विचार आधी करत. भाऊंच्या आयुष्यातली बरीच गुंतागुंत या एका गोष्टीतून समजते.

हैदरविरुद्ध काय घडले?

माधवरावांच्या कर्नाटकातल्या मोहिमांत पटवर्धन आघाडीवर होते. १७७१ मध्ये गोपाळराव गेले आणि १७७२ मध्ये खुद्द माधवराव गेले. नारायणरावांचा खून, राघोबादादांचे बंड आणि इंग्रजांशी युद्ध यांत पुणे अडकले. हैदरने कृष्णेच्या रोखाने पुन्हा मुसंडी मारली.

१७७७ च्या आरंभी धारवाडच्या बाजूला सावशीच्या लढाईत पटवर्धनांवर मोठा आघात झाला. कोन्हेरराव पटवर्धन मारले गेले. पांडुरंगराव पटवर्धन हैदरच्या हाती सापडले आणि श्रीरंगपट्टणच्या कैदेतच त्यांचा अंत झाला. एकाच लढाईत घराण्यातले दोन कर्ते पुरुष गेले. त्यानंतर फौजेची धुरा परशुरामभाऊंकडे आली. हैदरने तुंगभद्रा ओलांडून बराच मुलूख दाबला होता आणि तो परत मिळवणे हे पुढच्या पंधरा वर्षांचे काम ठरले.

मधल्या काळात भाऊंना दुसऱ्या शत्रूकडेही पाहावे लागले. १७८१ मध्ये जनरल गॉडर्डची इंग्रजी फौज बोरघाटापर्यंत आली. हरिपंत फडके आणि तुकोजी होळकर यांच्याबरोबर भाऊंनीही तिला जेरीस आणले. भाऊंच्या स्वारांनी कोकणात उतरून इंग्रजांची रसद तोडली. एप्रिलमध्ये गॉडर्डला मोठे नुकसान सोसून माघार घ्यावी लागली.

टिपूशी संघर्ष कशामुळे पेटला?

कारण ठरले नरगुंद. तिथले संस्थानिक व्यंकटराव भावे पटवर्धनांचे सोयरे होते. टिपूने खंडणी वाढवून मागितली आणि १७८५ मध्ये नरगुंदला वेढा घातला. पुण्याने भाऊंना मदतीला पाठवले, पण नरगुंद वाचले नाही. व्यंकटराव सहकुटुंब कैद झाले. पुढच्या वर्षी मराठे आणि निजाम यांच्या एकत्र फौजेने बदामी जिंकली. १७८७ मध्ये गजेंद्रगडचा तह झाला. तरीही सरहद्दीचा प्रश्न सुटला नाही.

१७९० मध्ये इंग्रज, निजाम आणि पेशवे टिपूविरुद्ध एकत्र आले. मराठ्यांच्या एका फौजेचे नेतृत्व भाऊंकडे होते. मुंबईकर इंग्रजांच्या पलटणी कॅप्टन लिटलच्या हाताखाली संगमेश्वरहून भर पावसाळ्याच्या तोंडावर आंबा घाट चढून भाऊंना येऊन मिळाल्या. त्यांच्यातल्या एडवर्ड मूर या तरुण अधिकाऱ्याने पुढे या मोहिमेवर पुस्तक लिहिले. ते लंडनमध्ये १७९४ मध्ये छापले गेले आणि त्याच्या नावातच परशुरामभाऊंचा उल्लेख आहे.

धारवाडचा वेढा इतका का लांबला?

सप्टेंबर १७९० मध्ये सुरू झालेला वेढा एप्रिल १७९१ च्या सुरुवातीला संपला. किल्ल्यात टिपूचा कसलेला सरदार बद्रुज्जमानखान होता. भाऊंकडे घोडदळ भरपूर होते, पण तटाला खिंडार पाडील असा तोफखाना आणि दारूगोळा कमी होता. इंग्रज अधिकाऱ्यांना मराठ्यांची वेढ्याची रीत अजब वाटली. तोफेचा एक बार काढायचा, मग गोलंदाज चिलीम ओढत गप्पा मारत बसायचे. दुपारी दोन्ही बाजूंनी विश्रांती. रात्री तोफा पुन्हा तळावर ओढून न्यायच्या. इंग्रजांच्या तुकडीचा प्रमुख कर्नल फ्रेडरिक वेढा चालू असतानाच वारला.

या संथपणामागे हिशेब होता. मराठी फौजेची ताकद वेगात होती. मुलूख ताब्यात घेऊन वसूल बसवायचा, शत्रूची रसद तोडायची आणि किल्ला उपासमारीने पाडायचा, ही तिची पद्धत. तटावर थेट हल्ला चढवून कसलेली माणसे गमावणे सरंजामदाराला परवडत नसे, कारण ती माणसे उभी करायला कर्जच काढावे लागे. शेवटी शर्तींवर किल्ला आला. पण त्या शर्तींवरून नंतर वाद झाला. बाहेर पडलेल्या बद्रुज्जमानखानाच्या लोकांशी वाटेत झटापट झाली आणि त्याला नरगुंदला कैदेत ठेवले गेले. शब्द मोडल्याचा ठपका भाऊंवर त्या काळातच आला.

त्याच वर्षी आणखी एक डाग लागला. पटवर्धनांच्या फौजेसोबतच्या लुटारू टोळ्यांनी शृंगेरीचा मठ लुटला. ही तुकडी रघुनाथराव पटवर्धनांची होती. मठाच्या मदतीला टिपू धावला. शंकराचार्यांना त्याने कानडीत लिहिलेली पत्रे १९१६ मध्ये मठात सापडली. हिंदू राज्याची फौज मठ लुटते आणि मुसलमान सुलतान तो पुन्हा उभा करायला पैसे देतो, हे आजच्या ठरीव चौकटीत बसत नाही. सरहद्दीवरच्या युद्धात धर्मापेक्षा लूट, वसूल आणि मुलूख यांचे गणित मोठे असे, एवढे मात्र यातून दिसते.

कॉर्नवॉलिसला वाचवले कोणी?

मे १७९१ मध्ये गव्हर्नर जनरल कॉर्नवॉलिस श्रीरंगपट्टणापर्यंत पोचला. पण त्याची रसद संपली. बैल मेले, सैनिक उपाशी पडले. अवजड तोफा स्वतःच्याच हाताने निकामी करून त्याने माघार सुरू केली. तेवढ्यात समोरून घोडेस्वार येताना दिसले. इंग्रजांना आधी तो शत्रूच वाटला. ती भाऊ आणि हरिपंत फडके यांची फौज होती. मराठी तळाबरोबर चालणाऱ्या बाजारात धान्य होते, कापड होते, लागेल ते होते. भाव चढे होते, पण इंग्रजी फौज त्या बाजारावर जगली.

वर्षअखेरीस शिमोग्याजवळ लिटलच्या पलटणींनी टिपूच्या फौजेचा पराभव केला आणि जानेवारी १७९२ च्या सुरुवातीला शिमोगा पडले. त्यानंतर ठरल्याप्रमाणे श्रीरंगपट्टणाकडे न जाता भाऊ बेदनूरकडे वळले. तो सुपीक मुलूख हाती आला तर मोहिमेचा खर्च निघेल, अशी आशा होती. तिथून परतून ते श्रीरंगपट्टणाला पोचले, तेव्हा लढाई थांबलेली होती. मित्रफौजांनी याबद्दल नाराजी धरली.

मार्च १७९२ च्या तहात टिपूला अर्धे राज्य, ३ कोटी ३० लाख रुपये आणि ओलीस म्हणून दोन मुलगे द्यावे लागले. मुलखाच्या तीन वाटण्या झाल्या. मराठ्यांची सीमा पुन्हा तुंगभद्रेला भिडली. सावशीच्या पराभवाला पंधरा वर्षे झाली होती. भाऊंच्या आयुष्यातले मुख्य काम इथे पुरे झाले.

तासगावात भाऊंनी काय उभे केले?

मोहीम दसऱ्याला निघे आणि पावसाळ्याआधी परते. उरलेले चार महिने भाऊ तासगावात असत. वाडा, पेठ आणि गणपतीचे देऊळ ही त्यांची कामे. देवळाचे काम १७७९ च्या सुमारास सुरू झाले आणि सुमारे वीस वर्षे चालले. दक्षिणेतल्या स्वाऱ्यांत पाहिलेली गोपुरे त्यांच्या मनात होती. गोपुराचे सात मजले ही सरहद्दीपलीकडून आणलेली कल्पना आहे. ज्या मुलखाशी आयुष्यभर लढाई केली, त्याचीच खूण त्यांनी आपल्या कुलदैवताच्या दारात उभी केली.

घरातली एक गोष्ट पुढे शंभर वर्षे सांगितली गेली. भाऊंची मुलगी अगदी लहान वयात विधवा झाली. तिचे पुन्हा लग्न लावता येईल का, असा विचार भाऊंनी केला आणि शास्त्री-पंडितांची मते मागवली. अनुकूल मतही मिळाले. पण पुण्यातून आणि घरातूनही विरोध झाला, आणि आठ हजार स्वारांच्या सरंजामाचा हा भागीदार तिथे मागे हटला. एकोणिसाव्या शतकात विधवाविवाहाचा वाद पेटला, तेव्हा न्यायमूर्ती रानडे यांच्यासारख्या सुधारकांनी या प्रसंगाकडे बोट दाखवले. किल्ला पाडणे एका माणसाला जमले. चाल मोडणे जमले नाही.

खर्ड्यानंतर घसरण कशी सुरू झाली?

१७९४ मध्ये महादजी शिंदे आणि हरिपंत फडके दोघेही गेले. अनुभवी सेनापती म्हणून भाऊ उरले. ११ मार्च १७९५ रोजी निजामाविरुद्ध खर्ड्याची लढाई झाली, तेव्हा सर्व मराठी फौजांचे नेतृत्व त्यांच्याकडे होते. सुरुवातीलाच निजामाकडच्या लालखानाने भाऊंना घोड्यावरून पाडून जखमी केले. भाऊंचा मुलगा हरिपंत याने लालखानाला ठार केले. विठ्ठलराव पटवर्धन कामी आले. तरीही दिवस मराठ्यांचा ठरला. मराठी सरदार एका झेंड्याखाली एकत्र लढले ती ही अखेरची मोठी लढाई.

त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये सवाई माधवराव गेले आणि वारसाचा तंटा उभा राहिला. नाना फडणवीसांना राघोबादादांचा मुलगा बाजीराव नको होता. नंतर डाव बदलला आणि बाजीरावाला आणण्यासाठी भाऊंना शिवनेरीला पाठवले गेले. बाजीरावाचा विश्वास बसेना. भाऊंनी गाईचे शेपूट धरून आणि गोदावरीची शपथ घेऊन त्याला खात्री दिली. पण दौलतराव शिंद्यांचा कारभारी बाळोबातात्या याच्याशी हातमिळवणी करून त्यांनी १७९६ च्या उन्हाळ्यात बाजीरावाचा धाकटा भाऊ चिमाजीअप्पा याला गादीवर बसवले.

रणांगणावर मुरलेला हा माणूस पुण्याच्या राजकारणात उघडा पडला. नाना महाडला निसटले आणि तिथून त्यांनी शिंदे, निजाम, इंग्रज, कोल्हापूर अशा सर्वांशी सूत जुळवले. ऑक्टोबरमध्ये डाव उलटला. बाळोबातात्या पकडला गेला. चिमाजीअप्पाला घेऊन निघालेले भाऊही पकडले गेले आणि कैदेत पडले. डिसेंबरमध्ये बाजीराव पेशवा झाला. ज्या नानांसाठी भाऊ आयुष्यभर लढले, त्यांच्याच डावात ते हरले.

कोल्हापूरशी वैर कशासाठी?

कोल्हापूरच्या बाजूने पाहिले तर चित्र वेगळे दिसते. तिथे छत्रपतींची स्वतंत्र गादी होती. पेशव्यांनी पटवर्धनांना तिच्या उशाशी आणून बसवले होते. चिकोडी-मनोळीचे तालुके कधी इकडे तर कधी तिकडे जात. त्या मुलखाच्या वसुलावर कोल्हापूरची फौज अवलंबून होती. पटवर्धनांच्या तक्रारी होत्या, कोल्हापूरच्याही होत्या. १७९३ च्या सुमारास आळत्याच्या लढाईत भाऊंचा मुलगा रामचंद्र अप्पा कोल्हापूरकरांच्या हाती सापडला. दुसऱ्या शिवाजी महाराजांनी त्याला सन्मानाने परत पाठवले. तरीही भाऊंनी कोल्हापूरवर चाल करून खंडणी घेतली. ही गोष्ट तिकडे विसरली गेली नाही.

भाऊ अडचणीत सापडल्यावर कोल्हापूरच्या फौजा वारणा-कृष्णा ओलांडून आल्या. नानांची त्यांना फूस होती. तासगाव लुटले गेले आणि भाऊंचा वाडा जाळला गेला. तुंगभद्रेची सीमा बांधून आलेल्या सेनापतीचे घर त्याच्याच पाठीमागे, साठ-सत्तर किलोमीटरवरच्या शेजाऱ्याने पेटवले. आणि या शेजाऱ्याला बोलावणारे हात पुण्यातले होते.

शेवट कसा झाला?

१७९८ मध्ये साताऱ्यात छत्रपती दुसरे शाहू आणि त्यांचे बंधू चतुरसिंग यांनी पेशव्यांविरुद्ध उठाव केला. तो मोडायला पुण्याला अनुभवी माणूस हवा होता. भाऊंना सोडले गेले. त्यांनी पुन्हा माणसे जमवली, भर पावसाळ्यात वारणा ओलांडली आणि साताऱ्याचा उठाव मोडला. चतुरसिंग कोल्हापूरकडे गेले.

मे १७९९ मध्ये इंग्रजांनी श्रीरंगपट्टण घेतले आणि टिपू मारला गेला. या युद्धात मराठी फौज उतरलीच नाही. ज्या शत्रूसाठी पटवर्धनांचा सरंजाम उभा केला होता, तो शत्रू संपला. त्याच्या जागी इंग्रज आले. पण भाऊंचे तोंड तेव्हा दक्षिणेला नव्हते. ते कोल्हापूरकडे होते.

सप्टेंबर १७९९ मध्ये चिकोडीच्या बाजूला पट्टणकुडी येथे दोन्ही फौजांची गाठ पडली. वयाची साठी गाठलेले भाऊ त्या लढाईत पडले. त्यांचा अंत नेमका कसा झाला, याविषयी दोन्हीकडे वेगवेगळे सांगितले गेले. जखमी भाऊंना छत्रपतींसमोर नेऊन ठार केल्याचा आरोप पटवर्धनांनी केला, तर कोल्हापूरने तो मानला नाही. चिडलेल्या पटवर्धनांनी शिंद्यांच्या पलटणी घेऊन कोल्हापूरला वेढा घातला. पण मार्च १८०० मध्ये नाना गेले, पुण्यातले वारे फिरले आणि वेढा उठला.

सरहद्दीचे संस्थान कधी झाले?

भाऊंच्या मृत्यूनंतर घराणे एकत्र ठेवणारा माणूस उरला नाही. गोविंद हरींच्या शाखेतले तरुण चिंतामणराव आणि त्यांचे चुलते गंगाधरराव यांच्यात मिरजेवरून तंटा झाला. चिंतामणराव बाहेर पडले आणि त्यांनी सांगलीला ठाणे केले. कृष्णाकाठचे ते लहानसे गाव होते. सांगली संस्थानाची सुरुवात ही अशी, भाऊबंदकीतून झाली. भाऊंच्या मुलांमध्येही वाटण्या झाल्या. रामचंद्र अप्पांकडे जमखंडी, गणपतरावांकडे तासगाव.

पुढे बाजीरावाने सरंजामदारांचा मुलूख काढून घ्यायचा प्रयत्न केला. तेव्हा १८१२ मध्ये पंढरपुरात इंग्रज रेसिडेंट एल्फिन्स्टनने मध्यस्थी केली. पटवर्धनांनी पेशव्यांची चाकरी करावी, बळकावलेला मुलूख परत द्यावा, आणि बदल्यात त्यांच्या सरंजामाला इंग्रजांची हमी मिळावी, असे ठरले. पेशव्यांचे सरदार तिथेच निम्मे इंग्रजांचे झाले. १८१८ मध्ये पेशवाई बुडाली. १८१९ मध्ये कंपनीने पटवर्धनांशी तह केले. स्वारांची चाकरी मागे पडली आणि सरहद्दीचे सरंजाम संस्थाने झाले.

मात्र भाऊंच्या तासगावचे नशीब वेगळे निघाले. १८४८ मध्ये औरस पुरुष वारस नसल्याचे कारण देऊन कंपनीने तासगाव खालसा केले. सांगली, मिरज, जमखंडी, कुरुंदवाड ही संस्थाने ८ मार्च १९४८ रोजी मुंबई प्रांतात विलीन होईपर्यंत टिकली. तासगाव त्याआधीची शंभर वर्षे इंग्रजी मुलखात होते आणि सातारा जिल्ह्याचा तालुका बनले होते. १९४९ मध्ये दक्षिण सातारा जिल्हा झाला आणि १९६० मध्ये त्याचे नाव सांगली पडले. म्हणजे पटवर्धनांच्या सर्वांत मोठ्या सेनापतीचे गाव संस्थान म्हणून फार काळ टिकले नाही.

आज भाऊंचे काय उरले?

पटवर्धनांच्या दप्तरातली पत्रे मिरजेच्या शाळेत संस्कृत शिकवणाऱ्या वासुदेवशास्त्री खरे यांनी १८९७ पासून ऐतिहासिक लेखसंग्रह या नावाने छापायला सुरुवात केली. त्यामुळे या घराण्याच्या मोहिमा, कर्जे, आजारपणे आणि रागलोभ इतक्या तपशिलाने माहीत झाले. छावणीतून घरी गेलेल्या साध्या पत्रांतून त्या काळाचा इतिहास उभा राहिला.

भाऊंनी बांधलेल्या सीमेचा मागमूस राहिला नाही. तुंगभद्रा आज पूर्णपणे महाराष्ट्राबाहेर आहे. जमखंडी, रामदुर्ग, नरगुंद कर्नाटकात गेले, आणि सीमावाद आता नव्या रेषांवरून चालतो. कोल्हापूर आणि तासगाव यांच्यामध्ये द्राक्ष-बेदाण्याच्या गाड्या धावतात. वारणा ओलांडताना कोणाला दोन राज्यांची हद्द आठवत नाही. उरले ते गोपुर आणि ऋषिपंचमीचा रथ. त्याचा दोरखंड ओढायला कोल्हापूरकडचे भाविकही येतात. दूरची सीमा जिंकणाऱ्या भाऊंना जवळच्या शेजाऱ्याशी जे जमले नाही, ते त्यांच्या गणपतीच्या दारात दरवर्षी एका दिवसासाठी सहज जमते.